चमच्याच्या पाठीवरची दोन अक्षरं

दुसऱ्यांच्या घरची भांडी उलटी करून बघणं हे काही वर्षं माझं काम होतं, आणि त्याचा मला पगार मिळत असे. सासूबाई पुण्यात मैत्रिणींना सांगताना "ती तिकडे चांदीच्या ऑफिसात आहे" असं सांगत. ऐकणाऱ्या बायकांना त्यातून टांकसाळ वाटत असावी. प्रत्यक्षात ते वॉटफर्डच्या बाहेरचं एक लिलावघर होतं. पूर्वी तिथे धान्याचं गोदाम होतं आणि पावसाळी हवेत अजून पोत्यांचा वास यायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. त्याआधी कौन्सिलमध्ये कचऱ्याच्या डब्यांबद्दलच्या तक्रारींना उत्तरं टाइप करत होते. त्यामानाने ही बढतीच.

चांदी विभागाचे प्रमुख वेस्टकोट घालत आणि काळ्या रिबिनीला बांधलेलं भिंग गळ्यात अडकवून फिरत. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर ते थोडं थांबत, समोर कोणीतरी ते लिहून घेत असल्यासारखे. बहुतेक वेळा ते मीच लिहून घेत असे, म्हणजे सवय चुकीची नव्हती. मनातल्या मनात मी त्यांना साहेब म्हणायची. साहेबांच्या लेखी जगात दोनच प्रकारची चांदी होती. एक इंग्लिश आणि दुसरी वितळवायची.

अमेरिकन चांदी माझ्याकडे आली ती एका सिंहामुळे. साहेबांनी दुधाचा एक छोटा जग हातात घेऊन मजकूर सांगितला, "बर्मिंगहॅम." जगाच्या बुडाला सिंह होता, नांगर होता आणि एक अक्षर होतं. इंग्लंडात सिंह म्हणजे चांदी शुद्ध, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीतून पास झालेली, अक्षर म्हणजे साल. शाळेतल्या पाढ्यासारखं हे सगळ्यांना पाठ. मी टाइप करून जग जागेवर ठेवायला उचलला आणि सहज बघितलं.

"सर, हा सिंह उजवीकडे चाललाय."

"मग?"

"बर्मिंगहॅमचे डावीकडे चालतात."

साहेबांनी भिंग लावलं, बराच वेळ लावून ठेवलं. जग अमेरिकन निघाला. तिकडच्या एका कारखान्याची ही आपली खूण होती, इंग्लिश शिक्क्यांच्या तोऱ्यात बसवलेली. त्या दिवसापासून अमेरिकेतून आलेली प्रत्येक वस्तू साहेब माझ्या टेबलावर पाठवू लागले. तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात काम घालायची युक्ती मी आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत पाहिली होती. ती इथूनच तिकडे गेली असणार, हे तेव्हा लक्षात आलं.

पण ते काम मला आवडलं. इंग्लिश चांदीच्या पाठीवर सरकारची साक्ष असते. अमेरिकन चांदीच्या पाठीवर तसं कोणी उभं नसतं. जुन्या वस्तूंवर नुसतं एक नाव ठोकलेलं असतं, कधी सोबत 'कॉइन' असा शब्द, म्हणजे नाण्याच्या दर्जाची चांदी. ते नाव घडवणाऱ्याचं असू शकतं, किंवा ज्याने तयार माल विकत घेऊन आपल्या दुकानात मांडला त्या दुकानदाराचं. पुष्कळदा दुकानदाराचंच असतं, आणि ते ठसठशीत असतं. घडवणारा असलाच तर दांडीच्या कोपऱ्यात दोन अक्षरांपुरता. मी लायब्ररीतून शिक्क्यांची पुस्तकं आणायची, मेट्रोपॉलिटन लाइनवर हॅरोपर्यंत वाचत जायची आणि स्टेशन चुकायची. नवरा ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "मी दिवसभर मशीनमधल्या चुका शोधतो, तू मेलेल्या माणसांच्या. आपल्या घरात जिवंत माणसाने चूक करायची सोयच नाही."

त्या जानेवारीत एका रिकाम्या झालेल्या घरातून बारा चमचे आले. पातळ, हलके, शंभरावर वर्षांचे. बाराही चमच्यांच्या पाठीवर लांबट चौकोनात एकच आडनाव आणि खाली गावाचं नाव. साहेबांनी सांगितलं, "अमुक यांनी घडवलेले बारा चमचे." मी टाइप करायची थांबले.

"हा दुकानदार असावा, सर. एका चमच्यावर आणखी एक शिक्का आहे. लहान. दोन अक्षरं."

"तो ओरखडा आहे."

"मला शिक्का वाटतो."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "फेब्रुवारीपासून मला एक सहायक नेमायचाय, कॅटलॉग लिहायला. डायरेक्टर बाहेरून माणूस आणा म्हणतात. गुरुवारी सकाळी दहाला हा मजकूर छापखान्यात जाईल. त्याआधी तुमच्या ओरखड्याचं नाव सांगा. मी तुमची शिफारस करीन. नाहीतर..." आणि त्यांनी माझ्या टाइपरायटरकडे बघितलं. उरलेलं वाक्य त्यांना पूर्ण करावं लागलं नाही.

त्या क्षणापासून माझं कशात लक्ष लागेना. इतकी वर्षं कोणाकोणाची वाक्यं टाइप केल्यावर स्वतःचं एक लिहायला मिळणार होतं. मग ते चमच्याबद्दल का असेना.

झिजलेला शिक्का वाचायच्या दोन-तीन युक्त्या असतात. त्यावर हलकेच श्वास सोडला की वाफ बसते आणि अक्षरं क्षणभर उठून दिसतात. मी इतका श्वास सोडला की चक्कर यायची राहिली. पहिलं अक्षर टी, एवढंच कळलं. त्याहून खात्रीची युक्ती काजळीची. शिक्का मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, काजळी बसू द्यायची, मग वरून सेलोटेप दाबून ती अलगद उचलायची आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. शिक्का छापल्यासारखा उमटतो. पण लिलावघरात ज्योत पेटवायला बंदी होती. वस्तू बाहेर न्यायला तर त्याहून कडक बंदी होती. मी पहिला नियम पाळला. शुक्रवारी तो एक चमचा चष्म्याच्या केसमध्ये ठेवून घरी आणला.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि हॅरोतल्या बायका हळदीकुंकवावाचून कशा जगतात हे त्यांना बघवत नव्हतं. वाण म्हणून मी वेम्बलीहून चहाच्या पंधरा गाळण्या आणल्या होत्या. सासूबाई घरात असल्या की मी नवऱ्याला अहो म्हणायची. त्या परतल्या की तो पुन्हा तू व्हायचा.

सकाळी दहाच्या सुमारास सासूबाई अंघोळीला गेल्या तशी मी देवाजवळचं निरांजन घेतलं. देव स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या फळीत होते. चमचा ज्योतीवर धरला. काजळ कसं धरतात ते लहानपणी बघितलेलं होतं, त्यामुळे हाताला ते नवं नव्हतं. सेलोटेप दाबला, उचलला, कार्डावर लावला. टी सुरेख आला. त्याच्या पुढे अक्षराच्या उंचीच्या बरोबर मध्यावर एक गोल टिंब. दुसरं अक्षर मात्र फिसकटलं. बी, आर, पी, काहीही म्हणा. पुन्हा करावं म्हणून मी चमचा परत काजळला, तेवढ्यात बाहेरून नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न.

"अहो, येतेच!"

"अगं, खुर्च्या आणायच्यात मंडळाच्या हॉलमधून! चावीवाला अकराला निघून जाईल!"

मी कार्ड पर्समध्ये टाकलं, चमचा निरांजनाशेजारी ठेवला आणि धावले. चावीवाला अकराला निघून गेलेला होता. तो सापडून, खुर्च्या दोन खेपांत आणून होईपर्यंत अडीच वाजले आणि पहिल्या दोघी दारात उभ्या होत्या. पुढचे तीन-साडेतीन तास मी फक्त चहा, तिळगूळ आणि बायकांचे कोट ह्यांचीच ने-आण केली.

सहाला सगळ्या गेल्या. मी कपाटाशी गेले. निरांजन होतं. चमचा नव्हता.

"आई, इथे चमचा होता एक."

"कुठला? तो काजळलेला?" सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "देवापाशी असा चमचा ठेवतात का गं? चार बायका यायच्या घरात, म्हणतील सून पळीसुद्धा घासत नाही. घासला मी."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? चिंच लावली आणि रांगोळीने खसखसून घासला. लख्ख निघाला. चांदी आहे ती, ठाऊक होतं का तुला? तुम्हा लोकांना स्टील आणि चांदी सारखीच."

इथे मला सांगायला हवं की जुन्या चांदीवरचा काळसर रंग हा लिलावाच्या धंद्यात वयाचा दाखला समजला जातो. तो घासणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा जन्मदाखला धुऊन वाळत घालणं. आणि रांगोळी म्हणजे दगडाची पूड. आधीच झिजलेल्या शिक्क्यावर. पण मी तेव्हा एवढंच विचारलं, "मग आता कुठेय तो?"

"दिला."

"दिला?"

"गाळण्या पंधराच आणल्यास. सोळावी आली. बाईला काय दारातून रिकाम्या हाताने पाठवू? म्हटलं चांदी तर चांदी, पुण्य लागेल."

"कोणाला दिलात, आई?"

"ती नाही का, निळ्या कोटातली."

जानेवारीतल्या हॅरोत निळा कोट ही ओळख नसते, गणवेश असतो. नवरा आधी हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. "कामावरचा होता?" मी मान हलवली. "बरं," तो म्हणाला, "पोलिसांकडे जाण्यात अर्थ नाही. त्यांना वाण समजावून सांगेपर्यंत गुरुवार उलटेल."

मला आठवणाऱ्या निळ्या कोटांना मी फोन लावले. दोघींनी गाळणी मिळाल्याचं सांगितलं. तिसरीने आधी श्वास रोखला.

"वाण परत मागतेस तू?"

"परत नाही मागत, फक्त काय मिळालं ते विचारतेय."

"सासूबाईंना माहितीये का हे? संक्रांतीचं वाण परत घेतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं हो. गाळणी मिळाली मला. तिची दांडी आजच निघाली, पण मी काही बोलले का?"

सोमवारी कामावर मी अकरा चमच्यांचा ट्रे कपाटात सगळ्यात मागे सरकवला आणि वर फडकं टाकलं. मग ते फडकं संशयास्पद दिसतंय असं वाटून काढलं. जेवणाच्या आधी तीनदा आणि नंतर चारदा मी ते कपाट उघडून बघितलं, अकराचे बारा झालेत का. साहेब जाता जाता म्हणाले, "ओरखडा कसा आहे?" मी म्हटलं, "बरा आहे." हे इंग्लंडात कोणत्याही प्रश्नाला चालतं.

त्या संध्याकाळी फोनच्या टेबलावर मला एक पुस्तक दिसलं. माझंच होतं, उसनं दिलेलं. वॉटफर्डच्या एका बाईंना. आमची ओळख हॅरोच्या लायब्ररीत मराठी पुस्तकांच्या फळीपाशी झाली होती. ती फळी एका हाताच्या लांबीची असल्यामुळे आम्ही एकमेकींना धडकल्याशिवाय राहणं अशक्यच होतं.

"आई, हे पुस्तक कोणी आणलं?"

"तीच की गं! निळ्या कोटातली. पुस्तक द्यायला म्हणून आली. मी म्हटलं, आलीच आहेस तर कुंकू लावून घे, तर म्हणते, आजी, कुंकू नको, पण चहा असला तर घेईन. चहा घेतलाही. जाताना तिच्या खिशातच टाकला मी चमचा, कागदात गुंडाळून. लाजरी आहे जरा."

त्या लाजऱ्या नव्हत्या. त्या बौद्ध होत्या, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचं काम करत आणि हळदीकुंकू ह्या विषयावर त्यांची मतं मी ऐकलेली होती. फोन केला तर त्या ड्युटीवर होत्या. मंगळवारी संध्याकाळी या, असा निरोप त्यांच्या मुलीने दिला.

मंगळवारी त्यांनी दार उघडलं तो चमचा हातात घेऊनच.

"तुमच्या सासूबाईंनी माझ्या खिशात चांदी घातलीय. मला काल ड्युटीवर जाताना सापडली, बसच्या पासबरोबर. मी म्हटलं, धर्मांतर करायचा हा नवा मार्ग असावा."

मी माफी मागितली. वाण परत मागणं किती वाईट दिसतं, वगैरे सुरू केलं.

"मी वाण मानत नाही," त्या म्हणाल्या, "त्यामुळे परत द्यायला मला काही अडचण नाही. मानणाऱ्या बाईकडे गेला असतात तर अडकला असतात. पण एक सांगा, एवढं धावत का आलात? चोरीचा आहे का?"

"नाही हो. कामावरचा आहे."

"सांगून आणलात?"

"नाही."

"मग चोरीचाच. बसा, चहा टाकते."

मी चमचा उलटा केला. तो भयंकर चमकत होता. दुकानदाराचं नाव शाबूत होतं. खोल ठोकलेलं असल्याने त्याला चिंचेचं काही वाटलं नव्हतं. लहान शिक्क्याच्या जागी एक अंधूक उंचवटा उरला होता. श्वास सोडला. टी आला. पुढे धुकं. मी डोळे मिटून घेतले असावेत, कारण उघडले तेव्हा त्या माझ्यासमोर बसून चमचा निरखत होत्या.

"काय शोधताय?"

मी सांगितलं. चमचे, सिंह, साहेब, गुरुवार, सगळं.

"हे मोठं नाव कोणाचं?"

"दुकानदाराचं."

"आणि हे पुसलेलं?"

"ज्याने घडवला त्याचं."

"हं." त्यांनी चमचा टेबलावर ठेवला. "हे ओळखायला आमच्याकडे भिंग लागत नाही."

माझ्या माहेरी कपाटभर पितळेची आणि स्टीलची भांडी होती, प्रत्येकावर टिंबांटिंबांनी कोरलेलं नाव: सौ. अमुक यांजकडून, श्री. तमुक यांस. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तिथीसुद्धा. ते पातेलं ठोकून घडवलं कोणी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही. अमेरिकेतल्या माणसाबद्दल विचारायला मात्र मी आठवडाभर जेवलेही नव्हते धड.

त्या उठल्या आणि टॉर्च घेऊन आल्या. "वरून बघताय तुम्ही. वरून बघितलं की सगळं सपाट दिसतं. काचेवरचा नमुना दिसेना की आम्ही उजेड बाजूने टाकतो." त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून धरली आणि चमचा सावकाश फिरवू लागल्या. एका कोनात उंचवट्याला सावली पडली. मग सावलीला पाय फुटला.

"थांबा! तिथेच!"

"ओरडू नका, हात हलतो. काय दिसतंय?"

"पाय. तिरका पाय आहे. आर आहे हा."

"मला दिसत नाही."

"तुम्ही टॉर्च धरलीय म्हणून. इकडून बघा."

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी बघितलं. "आर," त्या म्हणाल्या आणि लगेच पॅड ओढून पेन्सिलीने जसंच्या तसं काढलं. टी, मध्ये टिंब, आर, भोवती करवतीच्या दात्यांसारखी कड. चहा तोवर गार झाला होता. निघताना मी म्हटलं, "तुमचे आभार कसे मानू कळत नाही." त्या म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, चमचा पावला."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी संदर्भ ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडलं. टी आणि आर या अक्षरांचे दोन कारागीर होते. एक फिलाडेल्फियाचा, त्याच्या अक्षरांमध्ये काही नाही आणि कड साधी. दुसरा न्यूयॉर्कचा, घाऊक चमचे करून गावोगावच्या दुकानांना पुरवणारा. त्याच्या शिक्क्यात मध्यावर टिंब होतं आणि कड दात्यांची. माझ्या कार्डावर टिंब होतं, पॅडच्या कागदावर कड होती. दोन्ही पुस्तकाशेजारी ठेवून मी इतका वेळ बघत बसले की सुट्टी संपली आणि परतीची बस चुकली.

गुरुवारी नऊला मी ट्रे घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. बारा चमचे. अकरा पावसाळी आभाळाच्या रंगाचे आणि एक नवऱ्या मुलाच्या बुटासारखा चकचकीत. रात्रभर विचार करून मी एक गोष्ट तयार केली होती की तो असाच आला असावा. साहेबांनी भिंगसुद्धा लावलं नाही.

"ह्याला काय झालं?"

तयार केलेली गोष्ट तोंडापर्यंत आलीच नाही. "मी घरी नेला होता. काजळीचा ठसा घ्यायला. आणि तो घासला गेला."

"घासला गेला. कशाने?"

"चिंच. आणि दगडाची पूड."

साहेबांनी डोळे मिटले. चर्चमध्ये कोणीतरी शिंकल्यावर मिटतात तसे. उघडल्यावर ते उठले, दार लावून घेतलं आणि आश्चर्य म्हणजे आवाज मऊ केला.

"हे बघा. इंग्लिश चमचा असता तर मला डायरेक्टरांकडे जावं लागलं असतं आणि तुम्ही आज संध्याकाळी इथे नसता. पण हा अमेरिकन आहे. तो काळा आहे की पांढरा, कोणाला फरक पडणार नाही. ट्रेमध्ये ठेवा, मजकूर होता तसा जाऊ दे. फेब्रुवारीचं मी बघतो. तुम्ही मेहनती आहात, ते मी पाहिलंय." ते जरा थांबले. "म्हणजे, ह्या चमच्याला तसं काही महत्त्व नाही. बरोबर?"

मला फक्त "बरोबर" म्हणायचं होतं. आयुष्यात मी त्याहून बिनबुडाच्या कितीतरी गोष्टींना बरोबर म्हटलेलं होतं, पुष्कळशा त्याच खोलीत. फेब्रुवारी माझ्या हातात येऊन पडला होता, आणि तो ज्या कारणाने पडला ते कारण चुकीचं आहे एवढाच त्यात दोष होता.

"महत्त्व आहे, सर," मी म्हटलं, आणि कार्ड, कागद, पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी भिंग लावलं. चमचा खिडकीकडे धरला, फिरवला, कार्ड बघितलं, पुन्हा चमचा. घड्याळात साडेनऊ झाले. मी उभीच होते, कारण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"न्यूयॉर्क," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि हा आपला गृहस्थ दुकानदार."

"हो."

"मग महत्त्व आहे." त्यांनी भिंग सोडलं, ते वेस्टकोटवर आपटलं. "आणि महत्त्व आहे म्हटल्यावर, तो तुम्ही इथून बाहेर नेलात ह्यालाही आहे. समजतंय ना?"

समजत होतं. त्यांनी फोन उचलून डायरेक्टरांची वेळ मागितली. दुपारपर्यंत निकाल लागला. नोकरी राहिली, टायपिस्टची. चांदीच्या कपाटाची किल्ली मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सहायक बाहेरून आला, केंब्रिजचा, अतिशय सभ्य. मी मग वर्षभर त्याची वाक्यं टाइप केली आणि नंतर दुसरीकडे गेले. घरी मी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकं होतं तर देवाजवळ कशाला ठेवायचं?"

पण गुरुवारचा मजकूर बदलला. साहेबांनी तो मला सांगितला नाही, "तुम्हीच लिहा" म्हणाले, आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. 'अमुक यांच्या दुकानातून विकले गेलेले बारा चमचे. पैकी एकावर न्यूयॉर्कच्या कारागिराचा शिक्का, टी·आर. तो चमचा अलीकडे घासलेला.' शेवटचं वाक्य मी आपणहून घातलं. टाइपरायटरवर मधलं टिंब नसतं. मी पूर्णविरामाची कळ दाबायच्या आधी रूळ अर्धं घर खाली फिरवला, म्हणजे टिंब ओळीच्या वर, मध्यावर पडलं.

सोमवारी छापखान्याकडून तपासायला कागद आले. टिंब खाली बसलेलं होतं, आर झाल्यावर आणखी एक. कोणत्याही इंग्लिश माणसाच्या नावाच्या आद्याक्षरांसारखं. किल्ली नसलेल्या टायपिस्टने त्यात पडायचं कारण नव्हतं. मी कागद घेऊन जिन्यावरून वर गेले, परत खाली आले, पुन्हा वर गेले आणि दार न वाजवताच आत शिरले. साहेब कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि बोटाने दाखवलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"हे टिंब मध्यावर हवं. दुसरं तर नकोच. नाहीतर तो माणूस बदलतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. पेनचं टोपण दातांनी काढलं, समासात रेघ ओढली आणि आपल्या त्या ऐटबाज अक्षरात एकच शब्द लिहिला. मध्यावर. मग फोनवरच्या माणसाला म्हणाले, "क्षमा करा, इथे कामाचं काहीतरी होतं," आणि कागद मला परत दिला.